ऊन शोधायला आलेलं विमान

अण्णा घरून कामाला गेले असा माझ्या आयुष्यात एकच उन्हाळा आला. इतर मुलींचे वडील रोज सकाळी डबा घेऊन निघत, संध्याकाळी घामेजून परत येत, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. माझे वडील बंगळूरला नवी विमानं तपासायचे. म्हणजे कारखान्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, अजून कुणी न वापरलेलं विमान आधी स्वतः उडवून बघायचं, ते कुठं कुठं दगा देतं ते शोधून काढायचं, आणि सगळं शोधून झाल्यावर ‘आता लोकांनी यात बसायला हरकत नाही’ अशी सही करायची. वर्षातून दोनदा ते घरी येत, पाहुण्यासारखे राहत, मोरीतला गळका नळ दुरुस्त करत आणि परत जात. मी शाळेत ‘पायलट’ एवढंच सांगायची. मग पोरी विचारायच्या, तुम्हाला विमानात फुकट बसायला मिळतं का गं? मला अण्णांच्या एकाही विमानात कधी बसायला मिळालं नाही. माणसानं बसावं असं ते विमान झालं की अण्णांचा त्याच्याशी संबंध संपायचा, आणि ते दुसऱ्या, न बसण्यासारख्या विमानाकडं वळायचे.

आमचं घर उस्मानपुऱ्यात. खाली दोन खोल्या, पुढं लहानसं अंगण, आणि वर गच्चीवर एक खोली बांधायची म्हणून आणून ठेवलेल्या विटांचा ढीग. ती खोली अण्णा कायमचे घरी आले की बांधायची, असं ठरलेलं होतं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता बसवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं आणि माझ्या तोंडात दोन्ही नावं येतात, वयामुळं म्हणा किंवा आळसामुळं म्हणा. आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लोक समजत, नोकरीपायी बिचारी नवऱ्यापासून लांब राहिली. खरं तर लग्नानंतरची काही वर्षं ती अण्णांबरोबर तिकडच्या कॉलनीत राहिली होती. त्या कॉलनीतली घरं फार लवकर लवकर रिकामी व्हायची, एवढंच ती सांगायची. काल जिच्याकडून विरजण आणलं तिचं सामान आज ट्रकमध्ये चढतंय, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी दोन वर्षांची झाले तेव्हा ती मला उचलून इथं आली. अण्णांनी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठं होतं त्यांना?

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कंपनीनं एक नवीन लहान विमान आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावर आणलं. शिकाऊ पोरांना विमान चालवायला शिकवायचं, त्यासाठीचं ते विमान. शेजारी शेजारी दोन सीट, मागं सामानाचा खण, पुढं एक पंखा. थंड हवेत ते शहाण्यासारखं वागत होतं. पण हवा तापली की पातळ होते, इंजिनाचा दम कमी पडतो, पंखांना धरायला काही उरत नाही. म्हणून नवीन विमान मुद्दाम उन्हात आणून बघावं लागतं. आणि ऊन म्हटलं की आमचं गाव काही कमी नव्हतं. मे महिन्यात अकरा वाजता उस्मानपुरा दारं-खिडक्या लावून घ्यायचा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, आणि नेमके तेव्हाच आमचे अण्णा ऊन शोधायला बाहेर पडायचे. शेजारच्या सईदाखाला दारात उभ्या राहून म्हणायच्या, “क्या भाईसाब, लोगां धूप से भागते, तुम धूप को ढूँडने जा रे! तुम्हारा जहाज अब्बी तक पास नै हुआ?” अण्णा म्हणायचे, “खाला, उसकू पढाई का शौकच नै.” खाला खूश होऊन हसायच्या. उस्मानपुऱ्यात विमानाला नापास मुलासारखी वागणूक मिळत होती आणि मला ते फार आवडायचं.

उड्डाणाच्या आधी अण्णा जड काही खायचे नाहीत. आई त्यांना ज्वारीची अर्धी भाकरी, दह्यातली कांद्याची कोशिंबीर आणि तांब्याभर ताक द्यायची. संध्याकाळी मात्र ते दिवसभराचं वसूल करायचे. येसराची आमटी, भात, तव्यावरचा झणझणीत ठेचा, शुक्रवारी, जुम्म्याला, सईदाखालांकडून मोठ्या वाडग्यात नान-खलिया यायचा, त्यातला मटणाचा खलिया आई खायची नाही पण नान आमटीत बुडवून खायची आणि म्हणायची, “आपल्या दोन्ही घरांचं लगीन लागलं बघा ताटात.” वडील रोज संध्याकाळी ताटावर बसलेले आहेत हे मला सतराव्या वर्षी पहिल्यांदा दिसत होतं. ते जेवताना मचमच आवाज करतात हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

आईला मात्र त्या दिवसांत एक नवाच त्रास सुरू झाला. इतकी वर्षं अण्णांचं काम तिच्या कानाआड होतं. वाईट काही झालंच तर ते फोनवरून येईल, खालांच्या घरी, आणि खाला निरोप घेऊन येतील, अशी तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. आता ते काम आमच्या डोक्यावर सुरू झालं. दुपारी विमान गावावरून एक वळसा घ्यायचं आणि लांब जायचं. तासाभरानं परत यायचं. तो आवाज ऐकू यावा म्हणून आई कूलर बंद करायची. बाहेर भट्टी पेटलेली, आत आम्ही दोघी घामानं थबथबलेल्या, शाळेला सुटी, आणि ती तांदूळ निवडण्याचं निमित्त करून बसलेली. विमान उतरायला गेलं की ती उठून कूलर लावायची. मी एकदा वैतागून म्हणाले, “आई, तू ऐकलंस म्हणून ते काय वर राहणार आहे का?” ती म्हणाली, “नाय राहणार. पण न ऐकता मला बसता येत नाय, काय करू?” आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे, आणि त्या उन्हाळ्याची आठवण काढली की मला पहिल्यांदा थकवाच आठवतो. तिच्या चेहऱ्यावरचा, अण्णांच्या चालण्यातला. प्रेम वगैरे होतंच, पण ते फार दमलेलं होतं.

पण त्या उन्हाळ्याला एक शेवटही दिसत होता. हे अण्णांचं शेवटचं विमान होतं. गरमीतल्या चाचण्या जवळजवळ संपल्या होत्या. दोन-तीन उड्डाणं, मग सही, मग अण्णा नोकरी सोडून कायमचे घरी येणार. आईनं गवंड्याला बोलावून वरच्या खोलीची खिडकी कुठं काढायची ते खडूनं आखून घेतलं होतं. मी तिला कधी गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं, पण त्या आठवड्यात ती भांडी घासताना गुणगुणत होती. सूर भयंकर होता.

आणि मग ती अण्णांचा खांदा चोळायला बसली. अण्णा गेले काही दिवस डाव्या हातानं तांब्या उचलत होते. उजवा खांदा दुखतो म्हणाले. आईनं तेल कोमट केलं आणि संध्याकाळी अंगणात खुर्चीवर त्यांना बसवून चोळायला लागली. चोळता चोळता तिनं सहज विचारलं, “हा एकच खांदा कसा दुखतो हो? दोन्ही हातानं चालवता ना तुम्ही?”

“उजव्या हातात दांडा असतो. डाव्या हातात इंजिनाची मूठ.”

“मग दांडा लई जड हाय का?”

“छे. दोन बोटांनी हलतो. पोरांसाठीचं विमान ते.”

“मग दुखतो कशानं?”

आई पुढं चोळत राहिली. अण्णांनी तिचा हात धरून थांबवला. मला म्हणाले, “नंदे, आतून लाटणं आण.”

अण्णांना एक सवय होती. त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच असते म्हणे. उद्याचं उड्डाण आज खुर्चीत बसून, डोळे मिटून, मनातल्या मनात करून बघायचं. त्यांनी लाटणं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभं धरलं, उजव्या हातात. डावा हात खुर्चीच्या हातावर. आईला म्हणाले, “मी आता उतरायला निघालोय. तू कधीपण ‘वर’ म्हण. वर म्हटलं की मी उतरायचं सोडून पुन्हा वर जाणार. तू फक्त माझे हात बघ, आणि कुठला हात आधी हलतो ते सांग.” आईला वाटलं, चेष्टा चाललीय. मग तिनं त्यांचं तोंड बघितलं आणि समोर पाटावर बसली.

“वर,” ती म्हणाली.

“कुठला?”

“उजवा. लाटणं पुढं गेलं. मग डावा.”

“पुन्हा.”

असं कितीदा तरी झालं. आई कधी पटकन म्हणायची, कधी बराच वेळ गप्प बसून अचानक म्हणायची. दर वेळी लाटणं आधी पुढं जायचं, डावा हात त्यामागून. शेवटी अण्णांनी मुद्दाम ठरवलं, की उजवा हात हलवायचाच नाही. तरी आईनं ‘वर’ म्हटल्याबरोबर दंडाचा स्नायू टरारून उभा राहिला. तो मलासुद्धा दिसला. अण्णांनी डोळे उघडले, लाटणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता कळलं खांदा कशानं दुखतो ते.”

ते त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं, आणि मी इथं माझ्या भाषेत सांगते. उतरायच्या बेतातलं विमान ऐनवेळी पुन्हा वर न्यायचं तर इंजिन पूर्ण जोरात सोडावं लागतं. मागच्या खणात वजन असेल, तर जोर दिल्याबरोबर या विमानाचं नाक आपसूक वर चढत होतं, हवं त्यापेक्षा फार जास्त. नाक असं चढत गेलं की पंखांची हवेवरची पकड सुटते आणि विमान कोसळतं. आणि हे सगळं जमिनीपासून झाडाच्या उंचीवर, जिथून सावरायला जागा नसते. पण अण्णांच्या हातून ते कधी झालंच नव्हतं. या विमानाच्या पहिल्या उड्डाणापासून ते त्यात बसत होते. त्याची ती खोड त्यांच्या हाताला केव्हाच कळली होती, आणि डोक्याला न विचारता हात आधीच दांडा पुढं रेटून नाक दाबून ठेवत होता. इकडं गरम हवेत खोड वाढली, हात जास्त रेटायला लागला, खांदा दुखायला लागला. आणि अण्णा दर चाचणीनंतर सांगत होते, काही अडचण नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना अडचण आलीच नव्हती.

“एखादा नवशिक्या असता तर त्याला पहिल्याच दिवशी सापडली असती,” अण्णा म्हणाले.

“सापडली असती म्हंजे?” आईनं विचारलं.

“म्हंजे मेला असता.”

दुसऱ्या दिवशी कंपनीचे चीफसाहेब घरी आले. भला माणूस, तोही दमलेलाच होता, आणि दिल्ली-बंगळूरचे फोन घेऊन घेऊन त्याचा घसा बसला होता. आईनं त्यांना कैरीचं पन्हं दिलं. ते म्हणाले, “गाडेकर, तू थका हुआ है. इतनी बार उडाया, कुछ नहीं हुआ. किताब में एक लाइन डाल देंगे, ताकत देने से पहले डंडा आगे करो. बस.” अण्णा म्हणाले, “सर, पोरगं घाबरलं की त्याचा हात पुस्तक वाचत नाही.” हे ते मराठीतच म्हणाले, पण साहेबांना समजलं असावं. त्यांनी पन्हं संपवलं आणि विचारलं, काय करायचं म्हणतोस? अण्णा म्हणाले, एकदा मला ते वाईट चालवून बघू द्या.

वाईट चालवणं हे त्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे मला तेव्हा कळलं. लोकांना वाटतं, असली माणसं धाडस करतात म्हणजे काहीतरी अचाट कसब दाखवतात. अण्णांना धाडस हा शब्दच चालायचा नाही. म्हणायचे, धाडसी माणसाला आम्ही विमानाजवळ उभं करत नाही. त्यांना करायचं होतं ते उलट होतं. वीस-पंचवीस वर्षांत हाताला लागलेलं सगळं शहाणपण बाजूला ठेवायचं, हात ढिला सोडायचा, नाक वर निघालं तरी निघू द्यायचं, आणि मग भेदरलेलं पोर जे करेल तेच करायचं. अर्थात हे खूप उंचावर जाऊन, पाठीला पॅराशूट बांधून. शेजारच्या सीटवर नेहमी बसणाऱ्या मोहनला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या तरुण पायलटला, त्यांनी खाली ठेवायचं ठरवलं. या चाचणीला ऊन नको, शांत हवा हवी, म्हणून सकाळची वेळ धरली. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “मला हे ऐकत घरात बसवणार नाय. मी नंदीला घेऊन दौलताबादला जाते. जाऊबाईंच्या कुरडया व्हायच्यात.” अण्णा बरं म्हणाले. कुठल्या बाजूला उडवणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. असले प्रश्न आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

दौलताबादला अण्णांचे थोरले भाऊ, तात्या, राहायचे. आमचं मूळ घराणं मेंढरांमागं फिरणारं. अण्णा शिकले आणि वर गेले, तात्या मेंढरं आणि तीन एकर रान घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी राहिले. सकाळी आम्ही उठलो तेव्हा काकूनं अंगणात चूल पेटवून मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजायला टाकला होता. चीक शिजताना हलवायचा थांबला की गाठी होतात आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून दोघी जावा आळीपाळीनं हलवत होत्या. त्या वेळी दांडकं आईच्या हातात होतं. काकू सोऱ्याला तेल लावत होती, मी चटई अंथरत होते, तात्या गोठ्याच्या दाराशी मेंढरं मोकळी करत होते. तेवढ्यात लांबून तो आवाज आला. आईनं मान वर केली नाही. हलवत राहिली.

आम्ही नेमकं ज्या आभाळापासून पळून आलो होतो ते आभाळ इथं होतं. विमान किल्ल्याच्या डोंगरावरून पलीकडच्या माळावर गेलं, खूप उंच, चांदीच्या चमचीएवढं. आवाज बारीक झाला, मग एकदम मोठा झाला. तात्या कपाळावर हात धरून बघायला लागले. “आपल्या बाबूचंच हाय का गं नंदे?” धाकट्या भावाला ते बाबू म्हणत. मी व्हय म्हणाले. नाक वर गेलं. इतकं वर गेलं की विमान आभाळात उभं राहिल्यासारखं दिसलं. मग एक पंख खाली कलला आणि ते फिरायला लागलं. आवाज तुटला.

“नंदे,” आई म्हणाली, “काय होतंय ते सांग.” तिची पाठ आभाळाकडं होती, दोन्ही हात दांडक्यावर.

“फिरतंय.”

“मग?”

“अजून फिरतंय.”

“छत्री उघडली का?”

“नाय.”

तात्या ओरडले, “अरं सोड की त्याला, सोड, उडी मार!” मेंढरांवर ओरडावं तसे ते आभाळावर ओरडत होते. विमान फिरत फिरत डोंगराच्या आड गेलं. मग काहीच नाही. आवाज नाही, धूर नाही. काकू खाली बसली आणि तिनं पदर तोंडात घातला. चुलीवरचा चीक रटरट वाजत होता, आणि आई तो हलवत होती, एका लयीत, जसा हलवायचा असतो तसा. मी तिला म्हणाले, “आई, डोंगरामागं गेलं.” ती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’नंतरचा वेळ किती होता हे मला सांगता येणार नाही. तात्या म्हणायचे, बिडी पेटवायला लागतो त्याहूनही कमी. मला अजूनही तो लांब वाटतो.

मग डोंगराच्या उजव्या अंगानं इंजिनाचा आवाज आला. खोकत, अडखळत, पण आला. विमान अगदी खालून, झाडांवरून वर निघालं आणि चिकलठाण्याच्या दिशेला वळलं. तात्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलं. मी रडायला लागले. आईनं दांडकं काकूच्या हातात दिलं, चार पावलं चालत गोठ्याच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथं उलटी केली. परत येऊन तोंड धुतलं आणि म्हणाली, “जाऊबाई, चीक झाला. सोऱ्या आणा.” एकही गाठ झाली नव्हती त्यात. त्या कुरडया वर्षभर सगळ्यांनी खाल्ल्या. मला मात्र त्या वर्षी तळलेल्या कुरडईचा वाससुद्धा सहन झाला नाही.

दुपारच्या बसनं आम्ही घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात त्याच खुर्चीवर बसले होते. खाला चहा देऊन गेल्या होत्या. तो तसाच निवलेला होता. आईनं आम्ही काय बघितलं ते सांगितलं नाही. तिनं ताट वाढलं, त्यांनी थोडं खाल्लं, आणि मग आपणहून बोलायला लागले. नाक वर जाऊ दिलं. मग घाबरलेल्या पोरासारखा दांडा मागं ओढला. मग गिरकी बसली, आणि मागच्या वजनामुळं सुटेना. “दार उघडायला हात नेला होता मी,” ते म्हणाले.

“मग सुटलं कसं?”

“कळलं नाही मला.” हे त्यांनी इतक्या दमलेल्या आवाजात सांगितलं की मला भीती वाटली. “शेपूट बदलावं लागेल. सगळ्या चाचण्या पुन्हा. दीड वर्ष तरी. साहेबांनी मान्य केलं.”

मग अण्णा म्हणाले, “पण मी सुटू शकतो. माझं काम झालंय, खोड सापडली. साहेब म्हणाले, तू थांब, पुढचं मोहन करेल. त्याच गिरक्या, नव्या शेपटावर.” आणि थोड्या वेळानं, “खोली बांधून घेऊ आपण.” ते खरंच थांबायला तयार होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, सुटी मागणाऱ्या मुलासारखा.

“मोहनला येतं का हे?” आईनं विचारलं.

“चांगला आहे पोरगा. शिकेल.”

“तुमच्याइतकं येतं का?”

अण्णांनी मान हलवली. नाही.

“त्याची बायको तिकडंच हाय ना, कॉलनीत?”

“व्हय. दिवाळीतच लगीन झालं त्याचं.”

आईनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. मोरीत नेऊन ठेवलं. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मग ती दारात आली आणि म्हणाली, “तुम्हीच जावा.”

मी तिच्यावर ओरडले. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. म्हणाले, तुला माणूस घरात नकोच आहे, तुला एकटं राहायची सवय झालीय, तू त्यांना मारायला पाठवतेस. असलं बरंच काही. अण्णांनी मला गप्प केलं नाही. आईनंही नाही. ती म्हणाली, “फक्त इथं आणू नका ते आता. लांब उडवा.”

अण्णा चार दिवसांनी गेले. ते दीड वर्षाचं दोन वर्षांवर गेलं. त्या काळात आई कूलर लावून झोपायची, आणि सईदाखालांकडचा फोन वाजला की आम्ही तिघीही हातातलं काम सोडून उभ्या राहायचो, खालासुद्धा. मी कॉलेजात गेले, आईशी नीट बोलायला मला बरेच महिने लागले. मग एका डिसेंबरात अण्णा आले, दोन ट्रंका आणि पिकलेले केस घेऊन, कायमचे. विमान पास झालं होतं. पुढं एका फ्लाइंग क्लबवर मी ते पाहिलं. एक पोरगा उतरता उतरता गडबडला, पुन्हा वर गेला, गोल फिरून आला, उतरला आणि सायकल घेऊन घरी गेला. त्याला काही कळलं नाही. कळायला काही घडलंच नव्हतं. वरची खोली झाली, अण्णा तिच्यात वीस-बावीस वर्षं राहिले, आणि म्हातारपणानं, अंथरुणात, झोपेत गेले.

त्यांच्या तेराव्यानंतर आई आणि मी त्या खोलीत त्यांचे कपडे आवरत होतो. मी तिला म्हणाले, बरं झालं तू तेव्हा त्यांना पाठवलंस, तुझा विश्वास होता म्हणून ते आले. माणूस असं काहीतरी बोलतोच अशा वेळी. आई सदऱ्याची घडी घालत होती, ती थांबली.

“कसला विश्वास?” ती म्हणाली. “परत येतील असं मला वाटलंच नव्हतं.”

“मग पाठवलंस कशाला?”

“त्या पोराला पाठवलं असतं, आणि त्याचं काही झालं असतं, तर हे रोज माझ्यापुढं ताटावर बसले असते, नंदे. आणि माझ्यानं ताट वाढवलं नसतं.”